वहीत नसलेला नियम

"काका, बघा काय आणलंय!" हीनानं पाठीवरच्या सॅकमधून एक जाडजूड पुस्तक काढलं आणि फळीवर धपकन ठेवलं.

पुस्तक नवनाथनं लगेच ओळखलं. करडा पुठ्ठा, वर पंख पसरलेला अजगर, अजगराच्या नाकातून निघणारा धूर. याच पुस्तकाची दुसरी प्रत त्याच्या घरी पलंगाखालच्या ट्रंकेत, जुन्या स्वेटरांच्या तळाशी होती. बारा वर्षांत ती बायकोखेरीज कुणाच्या नजरेला पडली नव्हती, आणि पडू नये याची त्यानं पुरेपूर काळजी घेतली होती.

"ऑफिसातल्या एकाकडून मिळालं," हीना म्हणाली. "आता अडलं की थेट यातच बघायचं."

"मास्तरांची वही हाय की," वजीरभाई पान्हे बाजूला सारत म्हणाले. "अजून पुस्तक कशापायी?"

"वही आहेच, अब्बू. पण हे मूळ आहे ना."

नवनाथनं रुमाल काढून मान पुसली. पंखा तर चालू होता.

दिघीतलं हे वजीरभाईंचं टू-व्हीलरचं गॅरेज. गुरुवारी भोसरीच्या एमआयडीसीला सुट्टी, त्यामुळे खरं तर गॅरेजला त्याच दिवशी सगळ्यात जास्त काम. तरी वजीरभाई दुपारी अडीचला शटर अर्धं ओढायचे आणि गिऱ्हाइकाला बिनदिक्कत सांगायचे, "आता पाचनंतर या." दोन टायरांवर एका जुन्या दाराची फळी टाकली की झाला खेळाचा पाट. त्यावर खडूनं नकाशा काढायचा. सोंगट्या घरच्याच. शेजारच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातला सोहेल म्हणजे एक काचेचा फ्यूज. चाकणला सीएनसी मशीन चालवणारा गणराज म्हणजे मशीनमध्ये धातू कापणारी, आता झिजलेली सोनेरी टिप. शत्रू म्हणजे नटबोल्ट, आणि शत्रू फारच दांडगा असेल तर पिस्टन. वजीरभाईंची लेक हीना आयटी कंपनीतून रजा टाकून आज पहिल्यांदाच खेळायला बसत होती. तिनं कीबोर्डचं एक निघालेलं बटण आणलं होतं.

खेळ असा, की एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी तलवारबाज, कुणी वैद्य, कुणी चोर. काय साधलं, काय फसलं, ते वीस बाजूंचा फासा सांगणार, आकडा जितका मोठा तितकं चांगलं. लढाई जुंपली की ज्यानं त्यानं आपापल्या पाळीला वार करायचा. गोष्ट सांगतो तो मास्तर. या गॅरेजात मास्तर एकच होता, नवनाथ.

बाकीच्या सहा दिवशी त्याला कुणी मास्तर म्हणत नसे. भोसरीच्या, पत्र्याचे पार्ट दाबून काढणाऱ्या एका प्रेसच्या कंपनीत तो स्टोअरच्या खिडकीमागे बसायचा. काल कामाला लागलेला बावीस वर्षांचा सुपरवायझरही खिडकीवर टिचकी मारून म्हणायचा, "ए नवनाथ, दोन जोड हातमोजे दे, पटकन." नवनाथ पटकन द्यायचा. धाराशिवकडून आला तेव्हा पंचविशीत होता, आता सत्तेचाळीसचा झाला. या अवधीत खिडकीची जाळी तेवढी बदलली होती. गुरुवारी मात्र तो शटरखालून वाकून आत शिरला की तीन माणसं एका सुरात म्हणायची, "या मास्तर!" त्या दोन शब्दांवर त्याचा पुढचा आठवडा निभायचा.

बारा वर्षांपूर्वी कंपनीत नवी प्रेस बसवायला परदेशातून एक पोरसवदा इंजिनिअर आला होता. जेवणाच्या सुट्टीत करमेना म्हणून त्यानं स्टोअरमधल्या तिघाचौघांना बसवून हा खेळ शिकवला. काम संपलं, तो गेला. जाताना पुस्तक आणि फाशांची थैली खिडकीवर ठेवून गेला. नवनाथनं वजीरभाईंना त्या खेळाबद्दल सांगितलं, वजीरभाईंना तो भलताच आवडला, आणि मग अडचण उभी राहिली ती पुस्तकाची. तीनशे पानं, सगळं इंग्रजी.

"मला येतं इंग्रजी," नवनाथ म्हणाला होता. "मी मराठीत उतरवून काढतो की."

आता बारावीला त्याला इंग्रजीत पस्तीस पडले होते, तेही दुसऱ्या खेपेला. पण ते गाव मागे राहिलं होतं आणि इथं विचारायला कोण येणार होतं? कंपनीला भेट आलेली एक जाड डायरी त्यानं घेतली आणि डिक्शनरी मांडीवर ठेवून सात महिने लिहीत बसला. जे समजलं ते नीट उतरवलं. जे अर्धवट समजलं ते आपल्या अकलेनं पुरं केलं. आणि जे अजिबात समजलं नाही ते सोडलं. अशी सोडलेली जागा फार नव्हती. दीडदोन पानं असतील सगळी मिळून. त्यातलाच एक अर्धा परिच्छेद लढाईच्या प्रकरणात होता, बिनपाळीच्या वाराच्या नियमाखाली.

बिनपाळीचा वार हे नाव नवनाथचंच. नियम साधा होता. शत्रूच्या हाताच्या टप्प्यात असताना तुम्ही पाठ फिरवून निघालात, तर पाळी त्याची नसली तरी त्याला एक वार फुकट मिळतो. कबड्डीत चढाई करून परत निघालेल्याला मागून धरतात, तसंच. एका फेरीत असा एकच वार. एवढं नवनाथनं लिहिलं. खालच्या परिच्छेदात एक वाक्य साडेचार ओळींचं होतं, त्यात तीन 'इफ' आणि एक 'अनलेस'. दोन संध्याकाळी त्यानं त्या वाक्यावर घालवल्या. मग 'लागेल तेव्हा बघू' असं मनाशी म्हणून पान उलटलं.

ते लागायला आठ वर्षं गेली.

तोपर्यंत वजीरभाईंचा फत्तू सगळ्या गॅरेजाचा लाडका झाला होता. फत्तू हा एक म्हातारा पहारेकरी. एका जुन्या स्कूटरचा, पांढऱ्या चिनीमातीचा टवका उडालेला स्पार्क प्लग म्हणजे फत्तू. तो फारसा शूर नव्हता, पण कुणाला टाकून पळत नसे. शाळकरी हीना पायरीवर बसून अभ्यास करता करता विचारायची, "आज फत्तू कुठाय?" गिऱ्हाइकंसुद्धा विचारायची. वजीरभाई हॉर्न दुरुस्त करता करता फत्तूच्या हकिकती सांगायचे, आणि फत्तू जणू पलीकडच्या आळीत राहतो असंच ऐकणाऱ्याला वाटायचं.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या गुरुवारी फळीवर पूल काढला होता आणि पुलावर राक्षस उभा होता, मोठ्या गाडीचा पिस्टन. सोहेलचा तलवारबाज त्याच्या पायाशी बेशुद्ध पडलेला. फत्तूच्या अंगात चारच जीव उरलेले, म्हणजे एका जोराच्या घावात खलास. वजीरभाईंनी प्लगला बोट लावलं.

"मास्तर, ह्या पाळीला फत्तू वार करणार न्हाई," ते म्हणाले. "कायबी करणार न्हाई. ढाल वर धरून, राक्षसाकडं त्वांड ठिवून, पाऊल पाऊल मागं सरणार. एका हातानं सोहेलला वढत."

"मागं सरला की राक्षसाला बिनपाळीचा वार," नवनाथ म्हणाला.

"पाठ दावली तर ना? मी पाठ दावतच न्हाई. सगळी पाळी त्यातच घालतोय की."

नवनाथनं वही उघडली. पान सापडायला वेळ लागला नाही. वरचा नियम होता, त्याच्या खाली बोटभर कोरी जागा होती. ती जागा कसली हे त्याला त्या घटकेला आठवलंही नाही.

"वहीत तसं काही नाही, वजीरभाई."

"वहीत न्हाई तर न्हाई," वजीरभाई म्हणाले. त्यांनी स्वतःच प्लग मागं सरकवला.

राक्षसाचा फासा अठरा पडला. फत्तू गेला. सोहेल पुलाच्या अलीकडे येऊन पडला होता, तो वाचला. वजीरभाईंनी प्लग उचलला, फडक्यानं पुसला आणि खिडकीत उदबत्तीच्या घराशेजारी ठेवून दिला. तो अजून तिथंच होता. मग ते हसून म्हणाले, "चला, म्हाताऱ्याची सुटका झाली." आणि हात धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू होता.

त्या दिवशी घरी गेल्यावर नवनाथनं ट्रंक उघडली. आता मोबाइल होता. परिच्छेदावर कॅमेरा धरला की मराठी अक्षरं उमटायची, वेडीवाकडी, पण कळायची. त्यानं तीनदा वाचलं. आपली सगळी पाळी खर्च करून, सावधपणे, शत्रूवर नजर ठेवून मागं सरणाऱ्यावर बिनपाळीचा वार करता येत नाही. वजीरभाई जे म्हणाले होते तेच, जवळजवळ त्याच शब्दांत. गाड्या दुरुस्त करणाऱ्या त्या माणसानं जे अकलेनं ओळखलं, ते नवनाथजवळ आठ वर्षं छापील होतं.

"सांगून टाका की," बायको, निशिगंधा, म्हणाली. "खेळच हाय ना? सांगायला एवढं काय जड जायलंय?"

नवनाथनं ट्रंक पलंगाखाली सरकवली. पुढच्या गुरुवारी सांगायचं असं ठरवूनच तो गेला. शटरखालून आत शिरला तोच गणराज म्हणाला, "मास्तर, आमच्या एचआरला इंग्रजीत एक मेल लिहून द्या ना. तुमच्याइतकं इंग्रजी इथं कुणाला येतंय, राव?" झालं. जिभेवर आलेलं नवनाथनं गिळून टाकलं. मेल मात्र त्यानं लिहून दिला, मोबाइलला विचारून विचारून.

आणि दोन महिन्यांनी त्यानं जे केलं ते आठवलं की आजही त्याचे कान तापायचे. वहीतल्या त्या कोऱ्या जागेत त्यानं निळ्या शाईनं नियम लिहिला आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवला. "नवीन नियम आलाय," तो म्हणाला. "पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली, त्यात." गणराज खूश झाला. वजीरभाई क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चांगला नियम हाय. फत्तूच्या टायमाला असता तर..." आणि हसले. नवनाथही हसला. आपण हसलो, हे त्याला नियमापेक्षाही जास्त बोचत आलं होतं.

तेव्हापासून वजीरभाईंनी दुसरा गडी घेतला होता, एक तिरंदाज, पण त्याला नाव असं ठेवलंच नाही. विचारलं तर म्हणायचे, "हाय आपला कुनीतरी."

आज पुन्हा तीच फळी होती आणि फळीवर हीनाचं पुस्तक होतं.

नवनाथनं गोष्ट सुरू केली. खिंड, धुकं, खिंडीत दबा धरून बसलेले चार लुटारू. एरवी त्याचा आवाज असा लागायचा की बाहेरचं गिऱ्हाईकही शटरखालून डोकावायचा. आज त्याची नजर सारखी हीनाच्या हातांकडे जात होती. ती पोरगी पानं चाळत होती, मध्येच एखादं चित्र सगळ्यांना दाखवत होती. लढाई टाळावी म्हणून त्यानं लुटारूंना वाटाघाटी करायला लावल्या. लुटारू इतके सभ्य झाले की सोहेल म्हणाला, "क्या मास्तर, हे लुटारू आहेत का सोसायटीचे मेंबर?"

सगळे हसले. नाइलाजानं लढाई झाली.

तिसऱ्या फेरीत गणराजचे जीव संपत आले. "मी सावधपणे मागं येतो," तो म्हणाला. "पूर्ण पाळी खर्च. बिनपाळीचा वार नाही. बरोबर ना, मास्तर? तो नवीन नियम."

"बरोबर," नवनाथ म्हणाला. "चल पुढं. सोहेल, तुझी..."

"थांबा, मी बघते!" हीनानं पानं उलटली. आयटीतली पोरगी, तिला कुठे काय असतं हे बरोबर कळायचं. "हं, आहे. पण काका, हा नवीन कुठाय? यात तर आहेच की."

"ते... तुझं पुस्तक नव्या आवृत्तीचं असेल."

बोलून गेल्यावर त्याला कळलं, की आपण आणखी एक खोटं बोललो, आणि तेही लेकीच्या वयाच्या पोरीशी.

हीनानं पहिलं पान उघडलं. "नाही काका, हे जुनंच आहे. दोन हजार आठचं." ती भाबडेपणानं म्हणाली. तिला कुणाला पकडायचं नव्हतं. "तेव्हापासून हा नियम..."

"हीना," वजीरभाई म्हणाले. "चहा सांगून ये."

"अब्बू, एक मिनिट..."

"आदी चहा सांग. पाच कट. जा."

त्यांचा आवाज चढला नव्हता, पण हीना उठली. शटरखालून जाताना तिनं एकदा बापाकडे आणि एकदा नवनाथकडे पाहिलं. गणराज मोबाइल बघत होता. सोहेल फासा बोटांत फिरवत होता. त्यांच्या काही लक्षात आलं नव्हतं.

"नियम त्योच हाय न्हवं?" वजीरभाई म्हणाले. "मग वाद कसला? मास्तर, चालू द्या."

आणि नवनाथला कळलं, की यांना ठाऊक आहे. आज कळलेलं नाही, केव्हापासूनच ठाऊक आहे. चोरी पकडली गेली असती तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. पकडणारा निदान ओरडतो, चार लोक जमा होतात, एकदाचं होऊन जातं.

"दोन मिनिटं," तो म्हणाला. "चहा येऊ दे."

तेवढ्यात वजीरभाई मागच्या नळावर हात धुवायला गेले. कपड्याच्या पावडरीनं ते बोटांमधलं काळं चोळून काढत होते. नवनाथ जाऊन शेजारी उभा राहिला. काय बोलायचं हे त्यानं तीन वर्षं ठरवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आता आठवेना.

"वजीरभाई, ते मी सोडलं होतं," तो म्हणाला. "पुस्तकात पहिल्यापासून होतं. मला त्याचं इंग्रजी समजलंच नव्हतं. मला... मला इंग्रजी येतच नाही नीट."

"ठावं हाय."

"कधीपासून?"

"तुमी नवा नियम वाचलात ना, त्या दिसापासून." त्यांनी नखं घासली. "आवाज निराळा लागला तुमचा. गिऱ्हाइकाला मी जुना पार्ट धुऊनपुसून नवा म्हणून लावतो, तवा माझाबी असाच लागतो. आपला आपल्याला कळतो की."

नवनाथला हसू आलं असतं, पण डोळे भरून आले. "मग बोलला कामून नाहीत? चार शिव्या तरी द्यायच्या होत्या."

वजीरभाईंनी नळ बंद केला. "द्यायच्या व्हत्या. तोंडापत्तूर आल्याबी व्हत्या. पन तुमी मागं सरत व्हता, मास्तर. ते दिसत व्हतं मला. मागं सरणाऱ्याला कशापायी मारायचं?"

ते टॉवेल शोधायला वळले. नवनाथ ओल्या भिंतीला हात लावून उभा राहिला. आयुष्यात त्याला पुष्कळदा ओरडा बसला होता. सुपरवायझरचा, मॅनेजरचा, एकदा भर गेटवर सिक्युरिटीचा. त्या सगळ्यांत मिळून इतकं खजील त्याला कधी वाटलं नव्हतं.

"मी आत सांगतो," तो म्हणाला. "सगळ्यांना."

"काय गरज हाय? माझं मिटलं."

"नाही. सांगतो."

चहा आला होता. हीना पेले वाटत होती, मान वर न करता. नवनाथ आपल्या जागेवर, स्कूटरच्या जुन्या सीटवर बसला. मग उठून उभा राहिला. उभ्यानं बरं वाटेना म्हणून पुन्हा बसला. आणि सांगितलं. पस्तीस मार्कांपासून सांगितलं. ट्रंक, कोरी जागा, मोबाइल, निळी शाई, सगळं. त्यानं काही गाळलं नाही.

गणराज पहिला बोलला. "म्हणजे माझा मेल?" त्याचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणून एचआरवाली हसली होती!" मग त्यालाच हसू फुटलं. "जाऊ द्या हो, राव. मग आता फत्तूला परत आणू. चूक होती ना? खोडून टाकू."

"न्हाई," वजीरभाई म्हणाले. "त्यो सोहेलला वढत आणताना मेला. ते कसं खोडायचं?"

आणि तेव्हा सगळ्यांचं लक्ष सोहेलकडे गेलं.

सोहेलनं चहाला हात लावला नव्हता. तो खिडकीकडे बघत होता, उदबत्तीच्या घराकडे. मग म्हणाला, "तीन साल."

त्यानं पेला बाजूला सारला.

"तीन वर्षं तुम्ही मला बोलताय. सोहेलला वाचवायला जाऊ नका, तुमचा फत्तू होईल. चहा सांडला, सोहेलमुळं. गणराजची गाडी पंक्चर झाली, सोहेल मागं बसला होता म्हणून. मी हसायचो. हसायचोच ना? काय करणार?" तो नवनाथकडे वळला. "तुम्हीपण बोलायचा, मास्तर. तुम्हाला माहीत होतं, तरी बोलायचा."

खरं होतं. एकदा नाही, दोनदा नाही. विषय फत्तूवर आला की तो दुसरीकडे वळवायला सोहेलची थट्टा हाताशी असायची, आणि नवनाथ ती बिनदिक्कत वापरायचा. वजीरभाईंपुढे मान खाली घालायची तयारी त्यानं तीन वर्षं केली होती. सोहेलचं नावही त्या तयारीत कधी आलं नव्हतं. आपण कुणाकुणाला दुखावलं याचासुद्धा आपल्याला पत्ता नसावा, या विचारानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलं माझं, सोहेल," तो म्हणाला.

"वजीरचाचांचा एवढा जीव होता त्या प्लगवर. मला वाटायचं, मी त्या दिवशी आगाऊपणा करून पुढं गेलो नसतो तर..." तो उठला. "दुकान उघडतो मी. एक जण वायर न्यायला येणार आहे."

कुणी वायर न्यायला येणार नव्हतं, हे सगळ्यांना कळत होतं. तो शटरकडे निघाला. नवनाथच्या ओठांवर शब्द आले होते. अरे, एवढं काय मनाला लावून घेतोस, खेळच आहे शेवटी. असे शब्द त्याच्याजवळ नेहमी तयार असायचे. सोहेलची पाठ त्याच्याकडे होती, अर्ध्या ओढलेल्या शटरखाली तो वाकला होता. नवनाथनं ओठ मिटून घेतले.

सोहेल बाहेर गेला. शेजारच्या दुकानाचं शटर वर जाताना आवाज झाला आणि मग रस्त्यावरच्या गाड्यांचेच आवाज येत राहिले.

"येईल," गणराज म्हणाला. त्याच्या आवाजात फारशी खात्री नव्हती.

नवनाथनं वही उघडली. तेच पान काढलं. 'नवीन नियम' या दोन शब्दांवर त्यानं आडवी रेघ मारली. खालच्या निळ्या ओळींवरही मारली. मग वही फळीवर सरळ ठेवली आणि पेन काढलं.

"हीना," तो म्हणाला. "तो परिच्छेद मला वाचून दाखव, बाळा. हळू. एकेक ओळ."

हीनानं बापाकडे पाहिलं. वजीरभाईंनी मान हलवली. ती वाचू लागली. पहिल्याच ओळीत तिसऱ्या शब्दाशी नवनाथचं पेन थांबलं. बारा वर्षांत या फळीवर त्यानं जे कधी विचारलं नव्हतं, ते विचारायला त्याला जरा वेळ लागला.

"याचा अर्थ काय?"

हीनानं सांगितला. त्यानं लिहिला. पुढची ओळ झाली, तो पुन्हा थांबला, पुन्हा विचारलं. गणराज हसला नाही. हाताचा घाम वहीला लागत होता, म्हणून वजीरभाईंनी धुतलेल्या फडक्याची घडी त्याच्या मनगटाखाली सरकवली. साडेचार ओळींचं ते वाक्य उतरवायला पाव तास लागला.

मग त्यानं पेन मिटलं आणि फळीकडे पाहिलं. खडूनं काढलेल्या खिंडीत लुटारूंचे चार नट होते, गणराजची सोनेरी टिप मागं सरलेली होती, आणि त्यांच्या मधोमध सोहेलचा फ्यूज उभा होता. जाताना त्यानं तो उचलला नव्हता.

"आता पाळी कुणाची?" हीनानं हळूच विचारलं.

"सोहेलची," नवनाथ म्हणाला.

वजीरभाईंनी सोहेलच्या चहावर बशी झाकली. फाशाला कुणी हात लावला नाही.